धुतलेल्या चिठ्ठीचा अर्थ

ही गोष्ट एकोणीसशे एकसष्ट सालची. उन्हाळा होता, शनिवार होता आणि मी वीस वर्षांची होते. सकाळची गोळी घेतली की नाही, हे आता मला दुपारी सांगता येत नाही. पण त्या शनिवारी लॉन्ड्रीच्या मागच्या अंगणात दोरीवर कोणाकोणाच्या चादरी होत्या ते विचारा, नंबरासकट सांगेन.

लॉन्ड्री म्हणजे पुढे एक लांबट खोली. दाराशी मालकीणबाईंचं टेबल, खिडकीखाली इस्त्रीचं टेबल, कोपऱ्यात रफूचं स्टूल. मागे फरशीचं अंगण. तिथे हौद, भट्टी आणि दोऱ्या. माझं काम खिसे तपासायचं. कपडा आला की त्याच्या कॉलरीत नंबर घालायचा, खिसे उलटे करायचे, निघेल ते पुडीत बांधून पुडीवर तोच नंबर लिहायचा आणि मगच कपडा हौदाकडे धाडायचा. लोकांच्या खिशांत काय काय निघायचं! किल्ल्या, बटणं, चावलेल्या पेन्सिली. एकदा तर वरच्या दातांची अख्खी कवळी निघाली. तिचे मालक चार दिवसांनी तोंडावर रुमाल धरून आले. ते काय म्हणाले ते कोणालाच कळलं नाही, पण काय हवंय ते सगळ्यांना कळलं.

मालकीणबाईंचा नियम एकच होता. "खिसा राहिला, तर नोकरी राहणार नाही." नवरा गेल्यावर बारा वर्षं त्यांनी एकटीने दुकान चालवलं होतं आणि शब्दाला त्या पक्क्या होत्या. माझ्या आधीची मुलगी एका फाउंटन पेनापायी गेली होती. आमच्या घरात बाबांची नजर अधू झाल्यापासून मिळवती मी एकटीच होते, त्यामुळे मी एकेक खिसा दोनदा बघायची.

त्या दिवशी अकराच्या सुमारास मी सोड्याच्या पाण्यातून पांढरे कोट पिळत होते. एका कोटाच्या छातीपाशी हाताला काहीतरी जाडसर लागलं. उलटून पाहते तो आतल्या बाजूने, डावीकडे, एक चोरखिसा. टाके असे वेडेवाकडे की कोणा शिंप्याचे नव्हेतच. मालकाने स्वतःच शिवलेला असणार. आणि त्यात चार घड्यांचा कागद.

"मावशी," मी हळूच हाक मारली.

रफूमावशी आमच्यात सगळ्यात वयस्क. फाटलेलं काहीही दाखवा, ती आधी हसायची आणि मग सुई शोधायची. त्या दिवशी ती हसली नाही. तिने सुईच्या टोकाने एकेक घडी सोडवली आणि कागद कोरड्या फडक्यावर पसरला. वरच्या तीन ओळी फिकटल्या होत्या, पण वाचता येत होत्या. चौथीच्या जागी नुसता निळा ओघळ.

*चांगलं आलं, न सांगता आलं,*
*पायरीवर ओलं पाऊल उमटलं;*
*मी पाहिलं, आणि बघताबघता*

"कविता आहे गं," मावशी म्हणाली. "हिशेबाची चिठ्ठी असती तर बरं झालं असतं. हिशेब पुन्हा मांडता येतो."

तेवढ्यात पुढच्या खोलीतून आवाज आला, "माझा कोट! कोट भिजवला का?"

कोट कंपाउंडरांचा होता. कोपऱ्यावरच्या दवाखान्यात ते औषधांच्या बाटल्या भरायचे, म्हणून सगळं गाव त्यांना 'मिक्श्चर' म्हणायचं, तोंडावरसुद्धा. वय बेचाळीस, लग्न झालेलं नाही, स्वभाव अतिशय बुजरा. कोणतंही वाक्य ते बाटलीसारखं आधी मनातल्या मनात हलवून घ्यायचे आणि मग ओतायचे. पण त्या दिवशी ते न हलवताच बोलत होते.

मी फडक्यावरचा कागद घेऊन बाहेर आले. लपवण्यात अर्थ नव्हता. मिक्श्चरांनी तो पाहिला आणि इस्त्रीच्या टेबलाला धरून मटकन खाली बसले. मालकीणबाईंनी कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"पाणी द्या त्यांना," इस्त्रीवाले इंजिनकाका म्हणाले. इस्त्री दाबताना ते तोंडाने सूऽस्स करायचे म्हणून ते इंजिन. मावशीचे ते धाकटे दीर. "मिक्श्चर, आहे काय त्या कागदात? घराचं खरेदीखत?"

पाणी पिऊन मिक्श्चरांनी सांगितलं ते असं. टेलिफोन ऑफिसात एक बाई होत्या, ट्रंक कॉल जोडून देणाऱ्या. वय छत्तीस. त्या आणि त्यांचे म्हातारे वडील, एवढंच घर. वडिलांचं औषध मिक्श्चर रोज दुपारी बाराच्या सुट्टीत स्वतः नेऊन द्यायचे. असं दोन वर्षं चाललं होतं. बुधवारी त्यांनी मोठ्या धीराने बाटलीखाली चिठ्ठी ठेवली, तुमची हरकत नसेल तर आपण लग्न करावं, अशी. गुरुवारी रिकाम्या बाटलीखाली हे उत्तर सापडलं. आणि शुक्रवारी डॉक्टरांनी सांगितलं, त्या बाईंची बदली झाली आहे, शनिवारी अडीचच्या गाडीने जाणार आहेत, म्हाताऱ्यांचं महिन्याचं औषध भरून द्या.

"चौथी ओळ काय होती?" मावशीने विचारलं.

"'वाळून गेलं' अशी सुरू होत होती. ते वाचलं आणि माझंच तोंड वाळलं. पुढे काहीतरी होतं, पण डोक्यात शिरलं नाही. रात्रभर विचार केला. आज म्हटलं, पुन्हा एकदा नीट वाचू, तर कोट सकाळीच इथे धुवायला टाकलेला." ते थांबले. "आता त्यांना जाऊन काय सांगू? तुमचं उत्तर धुवायला टाकलं म्हणून?"

मालकीणबाई उठून आल्या. तीन ओळी त्यांनी मोठ्याने वाचल्या, जशा त्या गिऱ्हाइकाला कपड्यांची यादी वाचून दाखवत.

"नकार आहे हा," त्या म्हणाल्या. "चांगलं आलं, पाहिलं, वाळून गेलं. चांगलं टिकत नाही, असं म्हणतेय ती. सभ्य बाई आहे, तोंडावर नाही म्हणवेना म्हणून ओळी जुळवल्या."

"आणि वर बदली," इंजिनकाका म्हणाले. "गाडीची वेळसुद्धा कळवली. आणखी काय दवंडी पिटायची?"

"तुम्ही बोलूच नका भावजी," मावशी कडाडली. "तुमच्या बायकोने होकार दिला तो तुम्हाला कळायला तीन महिने लागले."

"तिने होकार कुठे दिला होता? माझी छत्री परत केली नव्हती."

"मग? छत्री काय उगीच ठेवते बाई?"

मिक्श्चर बिचारे एकदा यांच्या तोंडाकडे बघत, एकदा त्यांच्या. मी मात्र दुसऱ्या ओळीपाशी अडकले होते. ओलं पाऊल. आमचं सगळं आयुष्यच ओल्या पावलांचं. हौदावरून दोरीकडे, दोरीवरून भट्टीकडे. सकाळी उमटलेलं पाऊल माझ्या दुसऱ्या फेरीपर्यंत तसंच असे, आणि दुपारी मागे वळून बघावं तर गायब. कोणत्या वेळेला काय किती वेळात वाळतं, एवढं एकच शास्त्र आम्हाला येत होतं, पण ते पुरतं येत होतं.

"मिक्श्चर," मी विचारलं, "त्यांच्या पायरीवर तुम्ही ओल्या पायांनी उभे राहता का?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"राहतो की. रस्त्यावर धूळ असते. दाराबाहेर नळ आहे, तिथे पाय धुतो, पायरीवर चढतो, खिडकीत बाटली ठेवतो आणि येतो."

"दार नाही वाजवत?"

"नाही. त्यांचे वडील त्या वेळी नुकते झोपलेले असतात. आणि..." त्यांनी वाक्य हलवून घेतलं. "आणि दार उघडलं तर काय बोलायचं, ते ठरलेलं नसतं."

"त्या तेव्हा घरात असतात?"

"असतात. ड्यूटी दोनला सुरू होते."

"पायरी कसली?"

"काळ्या दगडाची."

"बारा वाजता तिच्यावर ऊन असतं?"

"चटका बसतो, एवढं."

मी भिंतीवरच्या घड्याळात पाहिलं. बाराला पाच कमी होती. "काका, तुमचं खिशातलं घड्याळ घेऊन मागे चला."

"हिला ऊन लागलं," मालकीणबाई म्हणाल्या. पण त्याही मागे आल्या.

अंगणात कपडे आपटायचा काळा दगड होता. त्यावर ऊन अगदी उभं पडलं होतं. मी पाय भिजवला, दगडावर ठेवला, उचलला. इंजिनकाकांनी घड्याळ धरलं. आधी टाच गेली, मग तळव्याची कड, मग बोटं एकेक करून विझली. अंगठा सगळ्यांत शेवटी गेला.

"सत्तर सेकंद," काका म्हणाले.

"तुझा पाय चिमणीएवढा," मावशी म्हणाली. "यांचा बघा. मिक्श्चर, काढा चप्पल."

मिक्श्चर मुकाट्याने दगडावर उभे राहिले आणि उतरले. आम्ही चौघं त्या पावलाभोवती वाकून उभे होतो, जसं काही त्यातून कोणी उठून बोलणार होतं. मालकीणबाई तोंडातल्या तोंडात आकडे मोजत होत्या.

"नव्वद," काका म्हणाले. "एक सेकंद जास्त नाही, कमी नाही."

"म्हणजे दीड मिनिट," मी म्हटलं. "आता सांगा. ती लिहिते, 'मी पाहिलं.' वाळलेलं नाही, ओलं पाऊल पाहिलं. तुम्ही पायरी उतरल्यावर दीड मिनिटाच्या आत ती दार उघडून बाहेर आली होती. आतल्या खोलीत असती, स्वयंपाक करत असती, हात पुसून येईपर्यंत तिला कोरडा दगड दिसला असता. ती दाराला लागूनच उभी होती. तुम्ही खिडकीत बाटली ठेवत होता तेव्हा, दाराच्या पलीकडे."

मावशीने वाकून दगडावर बोट फिरवलं.

मग मालकीणबाई म्हणाल्या, "कवितेतलं आहे ते. कवितेत माणसं चंद्रसुद्धा खिशात घालतात. पाऊल खरं पाहिलंच असेल कशावरून?"

"ती टेलिफोनवाली आहे, बाई. दिवसभर 'तीन मिनिटं झाली, तीन मिनिटं झाली' म्हणून लोकांची बोलणी तोडते. वेळ मोजल्याशिवाय ती लिहील? आणि चांगलं टिकत नाही, एवढंच सांगायचं असतं तर फुलं होती, ढग होते. तिने यांचंच पाऊल कशाला घेतलं?"

मावशीने कपाळावर हात मारून घेतला. "काखेत कळसा आणि गावाला वळसा! अहो, दोन वर्षं ती दाराआड उभी आहे आणि तुम्ही बाटल्या ठेवून पळताय!"

मिक्श्चरांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला अजून दिसतं. घाबरलेल्या माणसाला कोणी एकदम उचलून घोड्यावर बसवावं, तसं.

"किती वाजले?" त्यांनी विचारलं.

"सव्वाबारा."

"मी जातो." दोन पावलं गेले आणि थांबले. "कोट?"

"कोट कशाला हवा आता?"

"त्यांनी मला कोटाशिवाय कधी पाहिलं नाही. ओळखलं नाही तर?"

हसू आलं, पण कोणी हसलं नाही. मालकीणबाईंनी बाह्या सरसावल्या. "कोट आणा."

त्या अर्ध्या तासाइतकं काम मी पुढच्या आयुष्यात कधी पाहिलं नाही. कोट दोन पाण्यांतून काढला. मी आणि मावशीने दोन टोकांना धरून असा पिळला की थेंब निघेना. इंजिनकाकांनी दोन इस्त्र्या आळीपाळीने घेतल्या. एक गार झाली की दुसरी. गेली बारा वर्षं निखाऱ्यांना हात न लावलेल्या मालकीणबाई पंख्याने वारा घालत होत्या आणि त्यांच्या केसांत राख उडत होती. वाफ अशी की खिडकी दिसेना. काकांच्या तोंडाचं इंजिन थांबतच नव्हतं. बाही इस्त्रीखाली असताना मावशीने तो चोरखिसा उसवला आणि बारीक टाक्यांनी पुन्हा बसवला.

"खिशाचं काय एवढं?" काका ओरडले.

"उघड्यावर ठेवण्यासारखी गोष्ट नाही ती. तुम्ही कॉलर बघा."

एक वाजायच्या आत कोट तयार झाला. असा कडक की मिक्श्चरांना हात वाकवता येईना. मालकीणबाई माझ्याकडे वळल्या.

"तू जा बरोबर. चूक तुझी, तोंडाने तूच सांगायची. ती हो म्हणाली तर परत ये."

"आणि नाही म्हणाली तर?"

"तर नंबर लिहायची शाई मला देऊन जा."

मी शाईची बाटली टेबलावर ठेवून निघाले. मिक्श्चर पुढे आणि मी मागे, असे आम्ही जवळजवळ पळत होतो. रस्त्यात ओळखीचे भेटले, त्यांनी विचारलं, "कोणाला काय झालं?" मिक्श्चर म्हणाले, "अजून काही नाही."

घरापाशी पोचलो तर हातगाडी लागलेली. गाडीवर ट्रंक, वळकट्या, खुर्च्या. वळकटीवर म्हातारे वडील छत्री उघडून बसले होते. आणि बाई पायरीवर उभ्या होत्या, हातात कुलूप. सगळं सामान बाहेर आलं होतं, पण दार सताड उघडं.

मिक्श्चर नळापाशी जाऊन थांबले. सवयीने पायांवर पाणी घेतलं आणि पुतळ्यासारखे उभे राहिले. मी पाहिलं, हे काही बोलत नाहीत.

"बाई," मी म्हटलं, "तुमची चिठ्ठी आमच्या लॉन्ड्रीत भिजली. तीन ओळी राहिल्या, चौथी गेली. चूक माझी, यांची नाही."

त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. "म्हणजे तुम्ही शेवटची ओळ वाचली नाहीत?"

"वाचली होती," मिक्श्चर म्हणाले. "'वाळून गेलं' इथपर्यंत. पुढे मला काही दिसलंच नाही."

"तरी आलात?"

"हो."

"कसे?"

मिक्श्चर पायरीवर चढले. "पाऊल दीड मिनिटात वाळतं," ते म्हणाले. "आम्ही मोजलं."

बाईंचा चेहरा कानांपर्यंत लाल झाला. मग त्या तिथेच, कुलूप मांडीवर घेऊन, पायरीवर बसल्या आणि हसायला लागल्या. "दीड नाही हो," त्या म्हणाल्या. "सव्वा. मी रोज मोजते."

वळकटीवरून वडिलांनी विचारलं, "कोण आलंय?"

"औषधवाले."

"मग बाटली कुठे आहे?"

"आज बाटली नाही, बाबा." त्यांनी डोळे पुसले आणि मिक्श्चरांना म्हणाल्या, "ऐका शेवटची ओळ. आता पुन्हा धुवायला टाकू नका. *वाळून गेलं, दार नाही मिटलं.*"

मला ती ओळ कळायला क्षणही लागला नाही, कारण दार माझ्यासमोर होतं. मिक्श्चरांनाही दिसलं. ते त्या दाराकडे बघतच राहिले.

"गुरुवारी वाट पाहिली, शुक्रवारी पाहिली," बाई म्हणाल्या. "चांगलं टिकत नाही हे खरंच आहे. पण म्हणून आधीच दार लावून बसायचं का? बदलीचा हुकूम आला होता, ती टाळायला माझ्यापाशी कारण नव्हतं. आता आहे का?"

"आहे," मिक्श्चर म्हणाले. न हलवता.

हातगाडीवाला केव्हाचा ताटकळला होता. "बाई, दोरी बांधायची का?"

"सोडायची," बाई म्हणाल्या. "सामान उतरवा."

तिथून त्या तडक टेलिफोन ऑफिसात गेल्या. आम्ही दोघं मागे. खुर्चीवरच्या मैत्रिणीला उठवलं, कानाला यंत्र लावलं आणि मोठ्या ऑफिसाला ट्रंक कॉल जोडला. साहेबांना म्हणाल्या, "माझ्या जागी जी बाई ही बदली मागत होती तिला पाठवा. माझं लग्न ठरलं आहे. कधी? आत्ता, पंचवीस मिनिटांपूर्वी." मैत्रिणीने टाळ्या वाजवल्या. तिकडून साहेबांनी विचारलं, हा आवाज कसला? बाई म्हणाल्या, "लाइनमध्ये बिघाड आहे," आणि कॉल संपवला. पुरती दोन मिनिटंही लागली नाहीत.

मी लॉन्ड्रीत परतले तेव्हा तिघंही दारात उभे होते आणि काम कोणीच करत नव्हतं. मी काही सांगायच्या आत मावशीने माझ्या चेहऱ्यावरून ओळखलं आणि हातातली कात्री हवेत उडवली. इंजिनकाकांनी तोंडाने अशी शिट्टी फुंकली की रस्त्यावरची माणसं थांबली. मालकीणबाईंनी सगळं दोनदा ऐकून घेतलं, कुलूप, दार, सव्वा मिनिट, साहेब, सगळं. मग केसांतली राख झटकत टेबलामागे गेल्या आणि शाईची बाटली माझ्याकडे सरकवली.

"चादरी तशाच पडल्यात," त्या म्हणाल्या. "उद्या कोण करणार आहे?"

बाई आणि मिक्श्चरांचं लग्न महिन्याभरात झालं. चौतीस वर्षं त्यांनी संसार केला. भांडले पुष्कळ, कारण लग्नानंतर मिक्श्चर बोलायला लागले. पुढे त्यांनी स्वतःचं औषधाचं दुकान काढलं. बाई टेलिफोन ऑफिसात मोठ्या हुद्द्यापर्यंत चढल्या आणि निवृत्त झाल्यावर त्यांनी अठ्ठावीस कवितांचं एक पुस्तक छापलं. त्यात ही कविता नाही. मी विचारलं तर म्हणाल्या, ती छापायची नव्हती. मिक्श्चर पंचाण्णवमध्ये गेले, बाई त्यानंतर सहा वर्षांनी.

त्यांचे वडील लग्नानंतर चार वर्षं होते, आणि हे लग्न आपणच जमवलं असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते.

इंजिनकाकांनी विजेची इस्त्री दोनदा बिघडवली आणि तिसऱ्यांदा शिकले. मावशीची नजर सत्तरीत गेली. मग ती बोटांनी कापड चाचपून माझी रफू तपासायची आणि एकही चुकलेला टाका सोडायची नाही. मालकीणबाईंनी चौऱ्याहत्तर साली दुकान माझ्या नावावर केलं. कागदावर सही करताना एवढंच म्हणाल्या, "चोरखिसे बघत जा."

मी टेलिफोनच्या तारा जोडणाऱ्याशी लग्न केलं. त्या दिवशी ऑफिसातली लाइन खरंच बिघडली का, ते बघायला तो आला होता. दुकान मी सत्त्याण्णवपर्यंत चालवलं.

हातगाडीवाल्याचं मात्र पुढे काय झालं ते मला माहीत नाही. सामान उतरवा म्हटल्यावर त्याने ती अवजड ट्रंक एकट्याने डोक्यावर घेतली आणि गाणं म्हणत आत नेली.